आज अण्णांबरोबर

सकाळी अण्णांना मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. चाळीस वर्षं यंत्रमागावर चादरी विणलेला माणूस. घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, तर सगळे आकडे एकाच बाजूला गोळा झाले. मला बघवेना.

लेकानेमॅब या अल्झायमरवरच्या नव्या औषधाबद्दल मोठ्या आशेनं विचारलं. अमेरिकेत २०२३ साली त्याला पूर्ण मान्यता मिळाली, २०२४ मध्ये डोनानेमॅबलाही. मेंदूत साचलेलं अमायलॉइड नावाचं प्रथिन ही औषधं काढून टाकतात. पण डॉक्टर म्हणाले, आजार अगदी सुरुवातीला असेल तरच उपयोग, आणि तेव्हाही आजार थांबत नाही. लेकानेमॅबच्या चाचणीत १८ महिन्यांत घसरण सुमारे २७ टक्क्यांनी मंदावली, एवढंच. शिवाय मेंदूला सूज किंवा रक्तस्रावाचा धोका, म्हणून पुन्हापुन्हा एमआरआय.

अण्णा त्या टप्प्याच्या पुढे गेलेत. दोन वर्षं आम्ही 'वय झालं' म्हणत राहिलो, ते फार सलतंय. तुमच्या घरी कुणी तेच तेच विचारत असेल, तर लवकर दाखवा हो.

डोनेपेझिल ही लक्षणांवरची गोळी चालू आहेच, आता तसंच मेमँटिनही दिलंय.

येताना सिद्धेश्वर तलावापाशी त्यांनी रिक्षा थांबवायला लावली. "गड्ड्याची जत्रा कधी भरतेय गं?"

"संक्रांतीला, अण्णा."

घर येईपर्यंत तीनदा विचारलं. तीनदा सांगितलं.