नळी तुंबली, दोष भलत्याच जागी निघाला

आमचं गाव माजलगावकडचं. आई-अण्णा दरसाल ऊसतोडीला जायचे. मळीपासून इथेनॉल होतं, हे मला कारखान्याच्या तळावर, कोपीत राहताना कळलं. संभाजीनगरला पीएचडीला आल्यावर विषय शोधत बसावं लागलं नाही: इथेनॉल आणि वाफेपासून हायड्रोजन.

कागदावर सोपं आहे. इथेनॉलचा एक रेणू, पाण्याचे तीन. त्यातून हायड्रोजनचे सहा आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन. मेख आहे ती कार्बन-कार्बन बंध तोडण्यात. ते काम उत्प्रेरक म्हणून, म्हणजे स्वतः न संपता क्रिया घडवून आणणारा धातू म्हणून, निकेल चांगलं करतं, आणि ऱ्होडियमच्या मानाने फार स्वस्तात. पण निकेलवर काजळी धरते. तांबं मिसळलं की ती कमी होते, म्हणून निकेल-तांब्याचा मिश्रधातू.

हिरवं निकेल नायट्रेट आणि निळं कॉपर नायट्रेट पाण्यात विरघळवून अ‍ॅल्युमिनाच्या पांढऱ्या भुकटीवर थेंबथेंब सोडायचं. ही भुकटी (अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड) म्हणजे धातूला धरून ठेवणारा आधार. भुकटी नुसती ओलसर व्हायला हवी, चिखल झाला की सगळं वाया. हातमोजे हवेतच, निकेलचे क्षार घातक असतात. मग 110 अंशांवर वाळवून 500 अंशांवर भाजायचं. एप्रिल-मेमध्ये भट्टी 400 वर पोहोचली की हमखास लाईट जायची. शेवटी रात्री अकरानंतरच भट्टी लावायला लागले.

तयार भुकटी क्वार्ट्झच्या नळीत भरून तिच्यातून इथेनॉल आणि पाण्याची गरम वाफ सोडायची. पहिला प्रयोग नऊ तास चालला. प्रेशरचा काटा चढत गेला, गॅस यायचा थांबला. नळी थंड करून तारेने कोरली, तर आत विझलेल्या कोळशासारखा घट्ट गोळा. तो काढताना क्वार्ट्झची नळी तडकली. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

पुढचे चार महिने मी तांब्याचं प्रमाण कमी-जास्त करण्यात घालवले. एक्सआरडीचा, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना बघण्याच्या चाचणीचा, निकाल बाहेरच्या संस्थेतून पाच आठवड्यांनी आला. तांब्याची मुख्य रेघ 43.3 अंशांच्या कोनाजवळ असते, निकेलची 44.5 जवळ, माझी दोन्हींच्या मधोमध होती. म्हणजे मिश्रधातू नीट जमला होता. मग काजळी का?

जीसीच्या (बाहेर येणारे वायू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राच्या) आलेखात प्रत्येक वेळी एक बारीक शिखर दिसायचं. मी ते सोडून देत होते. माझ्या गाईड मॅडमनी त्यावर बोट ठेवलं. म्हणाल्या, "धातू न घालता नुसतं अ‍ॅल्युमिना भरून बघ बरं." भरलं. ते शिखर आणखी उंच आलं! इथिलीन होतं ते. अ‍ॅल्युमिनाच्या आम्लधर्मी जागा इथेनॉलमधून पाणी काढून घेत होत्या, आणि तयार झालेलं इथिलीन निकेलवर जाऊन कार्बन होत होतं. चार महिने मी धातूला दोष देत होते, खोट आधारात होती.

मग त्या आम्लधर्मी जागा मारायला आधी मॅग्नेशियम नायट्रेट देऊन अ‍ॅल्युमिना भाजलं आणि त्यावर धातू चढवले. काजळी धरू नये म्हणून पाणीही वाढवलं, इथेनॉलच्या एका रेणूला आठ. जास्त पाणी उकळायला उष्णता जास्त लागते, हा तोटा आहेच. शिवाय 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा मुलखात उरलेली वाफ थंड करून तेच पाणी परत वापरायलाच हवं. तशी जोडणी मी आता करतेय.

गेल्या महिन्यात प्रयोग सलग तीस तास चालला. काटा हलला नाही. सकाळी नळी कागदावर उपडी केली, तर काळी भुकटी वाळूसारखी सुटी बाहेर आली.