मागच्या ब्रेकची जाम झालेली पिन

मागचे ब्रेक पॅड बदलायला शनिवारी सकाळी बसलो आणि रविवारी दुपारी उठलो. जुने पॅड काढून नवे बसवणं हे एका चाकाला जेमतेम अर्ध्या तासाचं काम, बाकी सगळा वेळ गेला डाव्या चाकाची एक पिन सोडवण्यात. पॅड कसे बदलायचे ते कुणीही सांगतं, पण एखादी वस्तू हलायलाच तयार नसेल तर काय करायचं हे मला खूप शोधावं लागलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी जीवाची गोष्ट. बऱ्याच गाड्यांना मागच्या कॅलिपरमध्येच (चाकाच्या डिस्कवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारा भाग) हँडब्रेक असतो, त्यामुळे काम करताना तो सोडलेलाच लागतो, म्हणजे मागून गाडी धरून ठेवायला काहीच नाही. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि नुसत्या जॅकवर अजिबात राहू नका, खाली स्टँड द्याच. जाम बोल्टला हिसका दिला की आख्खी गाडी हलते. बटणाचा हँडब्रेक असेल तर आधी सर्व्हिस मोड (हँडब्रेकची मोटर मागे घेणारी सेटिंग) लावायचा, तोपर्यंत पॅड दाबणाऱ्या पिस्टनला हात लावायचा नाही.

तर डावं चाक काढलं. बाहेरचा पॅड चांगला ७ मिलिमीटर शिल्लक आणि आतला २ वर आलेला! इथेच कळलं की दुखणं पॅडचं नाहीये. या कॅलिपरला पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो, तो आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच जोरात आख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून आणतो. पिन सरकली नाही तर बाहेरचा पॅड नावापुरता टेकतो आणि आतला एकटा झिजत राहतो. मी तसेच नवे पॅड टाकून मोकळा झालो असतो तर तेही असेच गेले असते. मागचे ब्रेक जास्त अडकतात त्याचंही कारण आहे, ब्रेक मारला की गाडीचा भार पुढे जातो आणि बहुतेक काम पुढचे ब्रेक करतात, मागच्यांना कमी काम, कमी उष्णता, त्यात पुढच्या चाकांनी उडवलेला चिखल पाणी, मग गंज निवांत बसतो.

कॅलिपरचा बोल्ट सोडवताना मागची पिनही सोबत फिरत होती, तिला चपटा भाग असतो तिथे बारीक पाना अडकवून धरायचा. वरची पिन हाताने सहज आत-बाहेर होत होती, खालची ठार जाम. तिच्यावरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, फाटला होता, पाणी आत गेलेलं. पिन सरळ ओढून येत नाही, मी आधी तेच करत होतो. तिला फिरवायचं असतं. पिना ज्यात बसतात ते ब्रॅकेट गाडीवरून काढून वाइसमध्ये घट्ट धरलं, बूट काढून टाकला, गंज सोडवायचा स्प्रे मारला आणि चक्क रात्रभर सोडून दिलं. स्प्रे मारून पाच मिनिटांत पाना लावला तर काही उपयोग नाही, तेल आत झिरपायला वेळ लागतोच.

सकाळी पान्याने थोडं इकडे, थोडं तिकडे, पुन्हा इकडे. एकाच बाजूला जोर लावत राहिलं तर पिन तुटते आणि मग ड्रिलशिवाय पर्याय उरत नाही. तरी हटेना म्हणून स्प्रे पूर्ण पुसून काढला आणि पिनेच्या भोवतालचं ब्रॅकेट गॅस टॉर्चने गरम केलं, ते फुगलं की पकड सुटते. पण ज्या भागावर ब्रेक क्लीनर मारलाय तो कधीही गरम करू नका, काही क्लीनरमध्ये क्लोरीन असतं आणि तापल्यावर त्याचा विषारी वायू होतो, ज्यात नसतं ते भडकन पेट घेतात. दोनदा गरम केल्यावर कर्रर्र आवाज आला आणि पिन अगदी केसभर फिरली. जीव भांड्यात पडला! पुढच्या वीस मिनिटांत ती फिरवत फिरवत बाहेर आली.

पिनेवर खड्डे पडले होते म्हणून ती टाकून नवी पिन आणि नवा बूट घेतला. भोक साफ करून ब्रेकचंच सिलिकॉन ग्रीस पातळ थरात लावलं. साधं ग्रीस नको, त्याने रबर फुगतं आणि पिन परत अडकते. ग्रीस ठासून भरलं तर हवा कोंडून पिन मागे ढकलली जाते. आणि दोन्ही पिना सारख्या असतीलच असं नाही, कुठली वर कुठली खाली ते काढतानाच बघून ठेवा.

पॅड ज्या खाचेत बसतात तिथल्या पत्र्याच्या क्लिपांखालीही गंज फुगतो आणि नवा पॅड घट्ट होतो. क्लिपा काढून वायर ब्रशने लोखंड दिसेपर्यंत घासायचं. पॅड हातोडीने ठोकून बसवायची वेळ आली तर समजा साफसफाई राहिलीये.

नवे पॅड जाड असतात म्हणून पिस्टन आत ढकलावा लागतो, तर उजव्या बाजूला तो आत जाईना. केबलचा हँडब्रेक कॅलिपरमध्येच असेल तर मागचा पिस्टन सहसा क्लॅम्पने दाबायचा नसतो, हँडब्रेकची यंत्रणा आतच असते ती मोडते. त्याच्या तोंडावर खाचा असतात, त्यात टूल अडकवून दाबत दाबत फिरवायचा, बहुतेक गाड्यांत घड्याळाच्या दिशेने, पण काहींत एका बाजूला उलटा असतो म्हणून मॅन्युअल बघा. माझ्याकडे अडचण वेगळीच निघाली, कॅलिपरवरचा हँडब्रेकचा लिव्हर केबल अडकल्याने पूर्ण मागे येत नव्हता. तो मोकळा केल्यावर पिस्टन गुमान आत गेला. तरीही गेला नसता तर कॅलिपरवरची हवा काढायची निपल सैल करून बघणार होतो, तेव्हा जात असेल तर होज (ब्रेक ऑइलची रबरी नळी) आतून बंद झालाय असं समजायचं. हो, आणि कॅलिपर त्या होजवर लोंबकळत ठेवू नका, तारेने वर बांधा.

सगळं जोडून, बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कवर आवळून, पेडल घट्ट होईपर्यंत दाबलं आणि मगच गाडी हलवली. दहा किलोमीटर फिरवून आल्यावर दोन्ही चाकांजवळ हात नेऊन बघितला, डावं उजवं सारखंच कोमट होतं.