तेच पुस्तक परत कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून

"तिन्ही पिक्चर बघून झालेत, शेवट तोंडपाठ आहे, मग ते जाडजूड पुस्तक परत कशाला काढलंत?" हे मला वर्षातून एकदा तरी कोणीतरी विचारतंच. पुस्तक म्हणजे टॉल्किनचं लॉर्ड ऑफ द रिंग्ज. दरवेळी मी "आवडतं हो" म्हणून विषय मिटवते, पण आता तुम्ही विचारलंत म्हणून जरा नीट सांगते.

आधी कबूल करते की पुस्तकात कंटाळवाणं बरंच आहे. सुरुवातीची ती वाढदिवसाची पार्टी संपता संपत नाही, मग टॉम बॉम्बाडिल नावाचे एक गृहस्थ गाणी म्हणत येतात आणि गाणी म्हणत जातात, पुढच्या कथेत त्यांचं फारसं काम नाही. बायका तर शोधाव्या लागतात. लोक म्हणतात की ती दुनिया किती खरी वाटते, ते नकाशे, त्या वंशावळी, त्या भाषा. खरंय, माणूस ऑक्सफर्डमधे भाषांचाच प्रोफेसर, आधी भाषा रचल्या आणि मग त्या बोलायला कोणीतरी हवं म्हणून गोष्टी, असा उलटा कारभार. पण नुसत्या भाषांसाठी हजारेक पानं परत कोण वाचतं, निदान मी तरी नाही.

मी परत जाते ते अंगठी नष्ट झाल्यानंतरच्या पानांसाठी. म्हणजे बघा, सगळी गोष्ट एक दुष्ट अंगठी ज्वालामुखीत टाकून नष्ट करण्याची, आणि ती तिथवर वाहून आणणारा फ्रोडो ऐन वेळी टाकतच नाही, माझी आहे म्हणतो आणि बोटात घालतो, सरळ सरळ हरतो तो. त्या अंगठीच्या हव्यासानं मागे लागलेला गॉलम बोटासकट ती तोडून घेतो आणि आनंदाच्या भरात तोल जाऊन खाली पडतो, म्हणून काम होतं. इथे संपवता आलं असतं की. पण पुस्तक पुढे चालतच राहतं, फ्रोडो आणि त्याचे तीन सोबती असे चौघं घरी येतात तर गावातली झाडं तोडलेली, गुंडांचं राज्य, ते निस्तरायचं (पिक्चरमधे हा भागच उडवलाय, मला अजून राग आहे), आणि मग सगळं पुन्हा हिरवं होतं, त्या तिघांतला सॅम, म्हणजे फ्रोडोचा नोकर, रोपं लावत फिरतो, त्याचं लग्न होतं.

आणि फ्रोडो आजारी पडतो. प्रवासात ६ ऑक्टोबरला वेदरटॉप नावाच्या टेकडीवर त्याच्या खांद्यात सुरा घुसलेला असतो, १३ मार्चला एका अवाढव्य मादी-कोळ्यानं डंख मारलेला असतो. त्याच तारखांना ते दुखणं परत उठतं. पण टॉल्किन हे ठळक करून सांगत नाही. एका संध्याकाळी सॅम खोलीत येतो तर मालक पांढराफटक, नजर कुठेतरी लांब, काय झालं विचारल्यावर म्हणतो जखम आहे, ती कधी पूर्ण भरणार नाही, आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा. तारीख कुठली होती ते सॅमला नंतर आठवतं. पुढच्या मार्चमधे परत तेच होतं, पण तेव्हा फ्रोडो महत्प्रयासानं ते लपवतो, कारण सॅमच्या बायकोचे दिवस भरत आलेत, २५ मार्चला पहिली मुलगी होते. हे सगळं दोनतीन वाक्यांत आटपलंय. पहिल्या दोन वाचनांत मला ते दिसलंसुद्धा नव्हतं, मी लढायांसाठी पानं उलटत होते! तिसऱ्यांदा तिथे थांबले आणि मागे जाऊन तारखा जुळवत बसले.

टॉल्किन १९१६ मधे पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईत होता, आणि १९१८ पर्यंत जवळच्या मित्रांपैकी एक सोडून सगळे गेले होते, हे त्यानं दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत स्वतःच लिहिलंय. त्याच प्रस्तावनेत ही रूपककथा नाही असंही बजावलंय, त्यामुळे अमुक म्हणजे तमुक असली गणितं मी मांडत नाही. पण घरी परत आलेल्या माणसाला "बरा आहेस ना आता" विचारलं की तो काय करतो, हे त्याला नक्की माहीत होतं.

आणि हो, तुम्ही सुरू करणार असाल तर गाणी गाळलीत तरी चालेल, मी अजूनही निम्मी गाळते. त्या बॉम्बाडिलपाशी मात्र सोडू नका, बरेच जण तिथेच सोडतात.