अजिंठ्याच्या वाटेवरचा अजगर

वाणसामान घरी आलं की पुडीचा कागद आधी माझ्या हातात यायचा. साखर डब्यात गेली की सुरकुत्या सपाट करून मी तो वाचायला बसायचे. बातमी अर्धीच असायची, उरलेली मनानेच पुरी करायची. ताटाशेजारी पुस्तक नसेल तर घास गोड लागत नसे, त्यावरून आईची बोलणी ठरलेली. शाळेत मात्र या वेडाचे लाड झाले.

आम्हा वाईकर मुलांचं भाग्य असं, की मराठी विश्वकोश आमच्याच गावात तयार होत होता. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे प्रमुख संपादक. १९७६ साली निघालेला पहिला खंड, ‘अंक’ ते ‘आतुरचिकित्सा’, शाळेच्या कपाटात होता. तो मांडीवर घेतला की थोड्याच वेळात पायाला मुंग्या यायच्या, पण उठवत नसे.

निबंधासाठी ‘अजिंठा’ काढायला जावं, तर वाटेत ‘अजगर’ गाठायचा. त्याच्या आधी ‘अंजीर’ खुणावून गेलेलं असायचं. घंटा व्हायची, वहीत अजिंठ्याबद्दल एक ओळ नाही आणि डोकं अजगराने भरलेलं! बाई रागावत नसत. “अजिंठा उद्या वाच, तो कुठे जात नाही,” म्हणायच्या आणि खंडात कागदाची पट्टी घालून ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी ती पट्टी तिथेच असायची.

नोंदीच्या शेवटी लेखकाचं नाव असे, आडनाव आधी. ती नावं वाचायचीही मला सवय लागली. विश्वकोशाच्या कचेरीत काम करणारी माणसं गावातच राहत. मंडईत पिशवी घेऊन मेथीची जुडी निवडणारे गृहस्थ एखाद्या नोंदीचे लेखक असतील, या कल्पनेनेच मी त्यांच्याकडे टक लावून बघत राहायचे. पुस्तकं माणसं लिहितात, आणि ती आपल्या गावातही असतात, हे मला तिथे कळलं. मोठ्या शहरातल्या मोठ्या शाळेतही हे शिकायला मिळालं असतं असं मला वाटत नाही.

आता विश्वकोश संकेतस्थळावर आहे. हवी ती नोंद क्षणात समोर येते आणि मी ती सोय रोज वापरते. पण तिथे अजिंठा शोधला की थेट अजिंठाच मिळतो. वाटेतला अजगर भेटायला पानंच उलटावी लागतात, आणि मुलांना त्या भेटी घडायलाच हव्यात.

म्हणून आमच्या शाळेच्या महोत्सव समितीला माझी एक कळकळीची विनंती आहे. शाळेच्या नव्या वाचनालयात कोशांच्या कपाटाला कुलूप नको. खंड मुलांच्या हाताला येतील असे खालच्या फळीवर ठेवा आणि वाचनालयाचा तास गणिताला देऊ नका. पानं फाटतील, बांधणी सुटेल. पुन्हा बांधून घ्यायचा खर्च दरवर्षी मी देईन, तसं पत्र मुख्याध्यापकांकडे दिलं आहे.