मार्गे वाई, मार्गे मेढा : दिवाळीतल्या साक्षरता वर्गाचा माझा अनुभव

एस.टी.त मी 31 वर्षं कंडक्टर होतो. 2020 ला निवृत्त झालो. भाऊबीज म्हणजे आमच्यासाठी वर्षातला सगळ्यात दाटीचा दिवस. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी अशाच एका भाऊबीजेला साताऱ्याच्या स्टँडवरून महाबळेश्वरची गाडी घेऊन निघालो होतो. गाडी खच्चून भरलेली. पुढून तिकिटं फाडत मागच्या सीटपर्यंत पोचायला उडतारे आलं. तिथं एक बाई दोन पोरं आणि फराळाचा डबा मांडीवर घेऊन बसलेली. म्हणाली, "मेढा, एक फुल दोन हाफ."

गाडी वाईवरून जाणारी होती. महाबळेश्वरला साताऱ्याहून दोन वाटांनी जाता येतं. एक मेढा-केळघर करून, दुसरी पाचवडला वळून वाई-पाचगणीवरून. बाईंनी कोणाला तरी विचारलं असणार, "ही महाबळेश्वरची का?" तो हो म्हणाला असणार, आणि खोटंही बोलला नव्हता. पाटीवर खाली बारीक अक्षरात 'मार्गे वाई' लिहिलेलं होतं. मी जरा चढ्या आवाजात म्हणालो, "पाटी वाचायची ना बाई!" त्या म्हणाल्या, "वाचता येत न्हाई ओ मला." पाचवडला त्यांना उतरवलं, साताऱ्याकडची गाडी कुठं थांबते ते दाखवलं, डबल बेल दिली आणि पुढं गेलो. सूर्य मावळायला आला होता. त्या मेढ्याला किती वाजता पोचल्या, भाऊ जागा होता का, मला कधी कळलं नाही. त्या चढ्या आवाजाची लाज मला अजून वाटते.

निवृत्तीनंतर गोडोलीच्या बाजूच्या एका छोट्या संस्थेत संध्याकाळी साक्षरता वर्ग घ्यायला लागलो, त्याचं कारण हेच. दोन निवृत्त शिक्षिका, कॉलेजात शिकणारी एक मुलगी आणि मी, एवढीच माणसं. 2022 पासून केंद्राचा 'उल्लास' कार्यक्रम आहे, 15 वर्षांपुढच्या निरक्षरांसाठी. त्यात शिकवणारे सगळे स्वयंसेवक, मानधन नाही. मार्चमध्ये 150 गुणांची चाचणी असते : वाचन 50, लेखन 50, संख्याज्ञान 50. आमच्या वर्गात 14 जणी. कोणी धुणीभांडी करणाऱ्या, कोणी भाजी विकणाऱ्या, दोघी बांधकामावर. एस.टी.त ड्रायव्हर, पॅसेंजर सगळेच कंडक्टरला 'मास्तर' म्हणतात, तसं या बायकाही मला पहिल्या दिवसापासून मास्तरच म्हणायला लागल्या. त्या हाकेचं मला दडपण यायचं. माझी आई 1959 च्या ग्रामशिक्षण मोहिमेत शिकलेली. ती मोहीम आपल्याच सातारा जिल्ह्यात सुरू झाली, हे आज फार थोड्यांना आठवतं. देवळात कंदिलाच्या उजेडात शिकलो, असं आई सांगायची. शेवटपर्यंत तिनं कुठंही अंगठा उठवला नाही.

2023 च्या दिवाळीत आम्ही वर्ग वीस दिवस बंद ठेवला. ज्या शाळेच्या खोलीत वर्ग भरायचा तिला सुट्टी, खोलीला कुलूप, बायकांना फराळाची गडबड. सगळ्यांनाच ते सोयीचं वाटलं. उघडला तेव्हा 14 पैकी सहाच जणी आल्या. त्या सहांतही एकीला क आणि फ मधला फरक सांगता येईना. बाराखडी पाठ असलेल्या एक आजी 'की' आणि 'कि' कडं बघत गप्प बसून राहिल्या. लहान पोराला सुट्टीत अक्षरं विसरली तर ते आठवड्यात परत पकडतं. चाळिशी-पन्नाशीची बाई तसं करत नाही. "आपल्या नशिबातच न्हाई," म्हणते आणि घरी बसते. मग मी एकेकीच्या दारात जाऊन बोलावलं. डिसेंबर उजाडला तेव्हा कुठं वर्ग पूर्वीसारखा भरला.

म्हणून 2024 ला ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच विषय काढला, की दिवाळीत वर्ग बंद ठेवायचा नाही. एका दात्यानं उटण्याची पाकिटं वाटायची तयारी दाखवली होती. रांगोळी स्पर्धा, दोन भाषणं, पाहुण्यांच्या हस्ते वाटप, फोटो, असा कार्यक्रम कागदावर तयार होता. मी विरोध केला, थोडा वादही झाला. दात्याच्या मनाबद्दल माझी काही तक्रार नव्हती. पण ज्या बाईला त्या आठवड्यात दुसऱ्याच्या घरच्या चार किलो चकल्या तळायच्या आहेत, तिचा एक तास आपण घेणार असू तर त्या तासात तिला वाचता आलं पाहिजे, एवढंच माझं म्हणणं. शेवटी दात्यांनीच पाकिटांऐवजी वह्या आणि पोस्टकार्डाचे पैसे दिले.

जागेचा प्रश्न सुटायला वेळ लागला. शाळेची किल्ली सुट्टीत मिळणार नव्हती. दोन ठिकाणी विचारलं, दोन्हीकडं 'बघू' म्हणाले. अखेर मारुतीच्या देवळाच्या ओवरीत बसायचं ठरलं. वेळ संध्याकाळची बदलून दुपारी तीनची केली, कारण संध्याकाळी सगळ्या फराळाच्या ऑर्डरींवर.

पहिला धडा किराणा मालाच्या यादीचा. दरवर्षी या बायका दुकानात उभ्या राहून तोंडी सामान सांगतात, काहीतरी विसरतात आणि पोराला परत पिटाळतात. रवा सगळ्यांना आला. मैद्याच्या दोन मात्रांनी थोडं छळलं. 'पिठीसाखर' लिहिताना भाजीवाल्या आक्कांनी ठ ची गोलाई तीनदा खोडली, कागदाला भोक पडलं, मग नवा कागद घेतला. हिशेबाला मात्र माझी गरजच नव्हती. पाव किलो म्हणजे 250 ग्रॅम, पाऊण म्हणजे 750, हे त्या तराजूवर वर्षानुवर्षं करत आलेल्या, फक्त आकड्यांत मांडायचं राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी आक्का आल्या त्या सांगतच, "त्यानं यादी घेतली न् सामान काढलं मास्तर. काय बी इचारलं न्हाई."

त्यांची पोरंही ओवरीत यायची. देवळामागं त्यांनी किल्ला केला, अर्थात अजिंक्यतारा. साताऱ्यातल्या पोराला डोळे मिटून दुसरा कुठला किल्ला दिसणार! माती, दगड, वर हळीव पेरलेलं. कॉलेजच्या मुलीनं युक्ती काढली, की किल्ल्यावरच्या चिठ्ठ्या आयांनी लिहायच्या. दरवाजा, बुरूज, तट, तळं, मंगळाई. काडेपेटीच्या काड्यांना चिकटवून त्या खोचल्या. एका पोरानं आईला सांगितलं, "बुरूज मधला रू दीर्घ असतो." ती माऊली रागावली नाही. खाली बसली आणि चिठ्ठी दुसरी केली.

पोस्टकार्डांचं तेवढं सरळ झालं नाही. पोस्टकार्ड अजून 50 पैशांतच मिळतं, त्यामुळं खर्चाची अडचण नव्हती. पण जवळच्या पोस्टात कार्डं संपलेली, दुसऱ्या पोस्टात जाऊन आणली, त्यात चार दिवस गेले. भावाला भाऊबीजेचं कार्ड लिहायचं, हे ऐकून सगळ्या खूश. लिहायला बसल्यावर कळलं की भावाचा पत्ता एकीलाही सांगता येत नाही. गाव माहीत, घर माहीत, कुठल्या वळणावर उतरायचं ते माहीत. पण 'मु. पो.' म्हणजे मुक्काम पोस्ट, 'ता.' म्हणजे तालुका, 'जि.' म्हणजे जिल्हा, हे त्यांनी लिहिलेलं कधी बघितलंच नव्हतं. भाच्यांना फोन लावून पिन कोड विचारले. कार्डावरच्या सहा चौकोनांत एकेक आकडा बसवताना सगळ्या ओवरीत आवाज नव्हता. वाई-महाबळेश्वरकडचे पिन 412 नं सुरू होतात आणि साताऱ्याकडचे 415 नं, हे त्यांनी स्वतःच एकमेकींची कार्डं बघून शोधलं. पुसेगावच्या मावशींचा मजकूर मला पाठ आहे : "दादा मी येते. रवीवारी येते. वाट बघ." रविवारातला वि त्यांनी दीर्घ केला होता. मी दुरुस्त केला नाही. पहिल्या पत्रावर दुसऱ्याचा हात नको.

कार्डं पेटीत पडली 30 ऑक्टोबरला. पोस्टाला मध्ये सुट्ट्या, आणि त्या वर्षी भाऊबीज 3 नोव्हेंबरला, रविवारी. बहुतेक कार्डं भाऊबीज उलटल्यावर पोचली. ही चूक माझी. पुढच्या खेपेला दसरा झाला की लगेच कार्डं लिहायला घ्यायची, असं वहीत लिहून ठेवलं आहे.

सगळ्यात जास्त जीव मी लावला तो स्टँडच्या फेरीला. 27 ऑक्टोबरच्या रविवारी दुपारी अकरा जणींना घेऊन साताऱ्याच्या स्टँडवर गेलो. कंट्रोलर ओळखीचे, त्यांना आधी सांगून ठेवलं होतं. आदल्या दिवशी ओवरीत फळ्यावर प्रत्येकीच्या माहेरची पाटी लिहिली होती : मेढा, पुसेगाव, रहिमतपूर, औंध, पाटण, परळी. फळ्यावर सगळ्यांनी वाचली. स्टँडवर एकीलाही वाचता येईना.

कारण साधं होतं, माझ्या ध्यानात आलं नव्हतं. नव्या गाड्यांच्या कपाळावर दिव्यांची पाटी, त्यावरची अक्षरं पळती. बाई 'र' म्हणेपर्यंत रहिमतपूर पुढं सरकून गेलेलं. त्यात गाडी फलाटाला लागली की गर्दी अंगावर येते. औंधच्या वहिनी तर बाकड्यावर जाऊन बसल्या, डोळ्यांत पाणी. "फळ्यावर येतंय ओ, हितं न्हाई येत."

मग पळती पाटी सोडली. दाराजवळच्या साध्या पाटीशी उभं केलं आणि सांगितलं, सगळं वाचायचं नाही. आधी शेवटचं गाव बघायचं, मग खालची ओळ. खालच्या ओळीत पहिला शब्द 'मार्गे'. तोच अडला. निम्म्या जणींनी 'मागे' वाचला. मेढ्याच्या वहिनी म्हणाल्या, "वाईच्या मागं जाती व्हय गाडी?" त्यांना मी रफार शिकवला तो असा : र ला आत जागा मिळाली नाही, म्हणून तो वडापच्या जीपच्या टपावर बसल्यासारखा पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसलाय. बसलाय ग च्या डोक्यावर, पण त्याचा आवाज ग च्या आधी घ्यायचा. मा, र्, गे. वहिनींनी बोट हवेत फिरवून तो आकडा काढला आणि मोठ्यानं म्हणाल्या, "मार्गे." शेजारी उभ्या असलेल्या पॅसेंजरनी वळून बघितलं. त्या लाजल्या नाहीत.

पुढचा तासभर आम्ही एवढंच केलं. गाडी आली की गाव आणि मार्गे. दहिवडी, मार्गे पुसेगाव. औंध, मार्गे रहिमतपूर. महाबळेश्वरच्या दोन गाड्या लागल्या, एक मार्गे मेढा, एक मार्गे वाई. दोन्हींच्या पाट्या प्रत्येकीकडून दोनदा वाचून घेतल्या. पाचवडची गोष्ट मी त्यांना त्याच फलाटावर सांगितली. कोणी काही बोललं नाही. परतताना तिकिटाचा हिशेबही झाला. 17 मार्च 2023 पासून बायकांना एस.टी.त निम्मं तिकीट आहे. पूर्ण भाडं 60 तर आपले किती, हे त्यांनी मला सांगायच्या आधी सांगितलं.

माहेरी जायच्या तेवढ्या दिवसांसाठी अभ्यास दिला एकच : जाता-येता न वाचता आलेला एक शब्द बघून, जसा दिसेल तसा उतरवून आणायचा.

11 नोव्हेंबरला, सोमवारी, शाळेची खोली उघडली. 14 पैकी 12 जणी आल्या. एकीचं बाळंतपण होतं, एकीला घरून सोडेनात, तिच्याकडं अजून जातोय. पुसेगावच्या मावशींचं कार्ड त्या माहेरी असतानाच मंगळवारी पोचलं होतं. पोस्टमन दारात आला तेव्हा भाऊ रानात गेलेला. मावशींनी ते स्वतःच घेतलं आणि आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, "परत वाच." त्यांनी परत वाचलं.

मग एकेकीनं आपला शब्द फळ्यावर लिहिला. 'विनाथांबा'. 'आरक्षण', त्यातला क्ष म्हणजे नुसतं एक चित्र काढलेलं. 'रुग्णालय'. शेवटी मेढ्याच्या वहिनी उठल्या. त्यांनी मिठाईच्या खोक्याचं झाकण आणलं होतं. गाडीत खिडकीशी बसून लेकाच्या पेनानं त्यावर अख्खी ओळ उतरवलेली, अक्षरं वरखाली झालेली, एक दोन तर उलटी. म्हणाल्या, "यातला शेवटचा आला मला. मार्ग. त्याच्यावर बी र बसलाय. बाकीचं काय हाय?"

मी झाकण हातात घेतलं. 31 वर्षं रोज डोळ्यासमोर असलेली ओळ होती ती, गाडीच्या मागच्या दारावरची : संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग.

वाचून दाखवली नाही. खडू त्यांच्या हातात दिला आणि म्हणालो, "वहिनी, स वर टिंब आहे. तिथनं सुरू करू."