नानजिंगमधलं सिमेंटचं टेबल

इथं चीनमध्ये, नानजिंगला, संध्याकाळचे पाच वाजले की हॉस्टेलच्या खिडकीतून टक-टक, टक-टक ऐकू यायला लागतं. खाली चिनाराच्या जातीची मोठाली झाडं आहेत. त्यांच्या सावलीत टेबल टेनिसची सहा टेबलं, तीही सिमेंटची आणि जमिनीत रोवलेली. नेटच्या जागी पत्र्याची पट्टी. सांगलीला आमच्या कॉलेजात एकच टेबल होतं, जिमखान्यात, कुलपाआड. किल्ली सापडेपर्यंत तास सुरू व्हायचा. इथं कुलूप लावायचं तरी कशाला?

पहिले दोन महिने मी नुसता बघत उभा राहायचो, कारण भाषा येत नव्हती. मग एकदा एका मुलानं काही न बोलता जास्तीची बॅट माझ्यापुढे धरली. नियम सोपा आहे: जिंकेल तो टेबलावर राहील, हरेल तो रांगेत मागे जाईल. आमचे मामा खेळायचे तेव्हा गेम २१ गुणांचा असायचा. २००१ पासून तो ११ चा झालाय, त्यामुळे रांग भराभर सरकते. त्या संध्याकाळी मी पाच वेळा रांगेत उभा राहिलो, पाचही वेळा हरलो, आणि इथं आल्यापासून पहिल्यांदाच मला गाढ झोप लागली.

चिनी भाषाही मी इथंच शिकलो. चांगला फटका बसला की समोरचाच ओरडतो, ‘हाओ छ्यू!’, म्हणजे ‘छान फटका!’ चेंडू टेबलाच्या कडेला लागून गेला तर गुण मिळतो, पण मिळवणारा हात वर करून माफी मागतो. मला हे फार आवडतं. चेंडू जेमतेम २.७ ग्रॅमचा, वारा सुटला की भलतीकडेच वळतो. तेव्हा तर सगळेच हात वर करतात.

कॅम्पसमध्येच निवृत्त प्राध्यापकांची घरं आहेत. त्यातले एक आजोबा रोज येतात. सगळे त्यांना ‘लाओशी’ म्हणतात, म्हणजे सर. पेन धरावं तशी बॅट धरतात, जागचे फारसे हलत नाहीत आणि पोरांना कोपऱ्या-कोपऱ्यांत पळवतात. १९५९ मध्ये रोंग क्वोथ्वान जर्मनीतल्या डॉर्टमुंडला टेबल टेनिसचा जगज्जेता झाला, तेव्हा ते शाळेत होते. कुठल्याही खेळातला चीनचा तो पहिला जगज्जेता. त्या वर्षी आम्ही पाटाच्या फळीवर, मध्ये विटा मांडून खेळायचो, असं ते सांगतात.

परवा त्यांनी थर्मासातल्या गरम पाण्यात बोट बुडवून टेबलावर ‘पिंग’ आणि ‘पांग’ ही टेबल टेनिसच्या चिनी नावातली दोन अक्षरं काढली. ‘बिंग’ म्हणजे सैनिक. त्या अक्षराला खाली दोन पाय असतात. ‘पिंग’ला त्यातला फक्त डावा पाय, ‘पांग’ला फक्त उजवा. समोरासमोर उभे दोन खेळाडूच जणू! मी वहीत उतरवून घेईपर्यंत अक्षरं वाळून गेली, आणि लाओशी सर्व्हिस करायला चेंडू मागत होते.