वेशीतून न मावणारा कंटेनर

आमच्या औद्योगिक वसाहतीत उद्योग आणायची जबाबदारी माझ्याकडे आली तेव्हा ८६ भूखंडांपैकी फक्त १४ वर कारखाने चालू होते. वसाहत गावाबाहेर, पण गाव जुनं. तटबंदी, दोन दगडी वेशी, चुनखडीत बांधलेली शेकडो वर्षांची मंदिरं आणि वाडे. मला वाटलं, हेच आपलं भांडवल. म्हणून माहितीपुस्तिकेच्या मुखपृष्ठावर मोठ्या वेशीचा फोटो टाकला, आत गावाचा इतिहास दिला आणि शंभरेक कंपन्यांना ती धाडली. वर्षभरात जेमतेम सहा चौकश्या आल्या.

त्यातली एक पक्की वाटत होती. व्हॉल्व्ह बनवणारी कंपनी, अचूक यंत्रकाम करणारी. त्यांचे दोघं पाहणीला आले. सत्कार, सादरीकरण, सगळी तयारी आम्ही केली होती. त्यातल्या इंजिनिअरनं सादरीकरण मध्येच थांबवून विचारलं, ‘‘गेल्या बारा महिन्यांचं फीडरचं ट्रिपिंग रजिस्टर दाखवता का?’’ म्हणजे वसाहतीला वीज आणणारी वाहिनी केव्हा केव्हा बंद पडली त्याची नोंदवही. ती माझ्याकडे नव्हती. वीज किती मंजूर आहे ते मला पाठ होतं, ती दिवसातून किती वेळा क्षणभर जाते हे कधी कुणाला विचारलंच नव्हतं. संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणाऱ्या सीएनसी मशिनला तो एक क्षण पुरतो. चालू काम बाद होतं, टूल तुटतं. मग त्यांनी नळाखाली बाटली धरली, खिशातून पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर काढून पाण्यात बुडवला आणि आकडा वहीत टिपला. त्याबद्दल बोलले काहीच नाहीत.

परतीच्या वाटेवर त्यांनी वेशीशी गाडी थांबवली. आमच्याकडून महामार्गाला जाणारा एक रस्ता वेशीतून जातो आणि दुसऱ्यावर कमी वजनाचीच वाहनं पेलणारा पूल आहे. इंजिनिअरनं लेसर मीटरनं कमानीची उंची मोजली. ३.९ मीटर. हाय-क्यूब, म्हणजे नेहमीपेक्षा उंच कंटेनर स्वतःच २.९ मीटर उंच असतो, ट्रेलरवर चढवला की ४ मीटरच्या वर जातो. मुखपृष्ठावरच्या त्याच कमानीखाली उभं राहून मी तो आकडा ऐकला. आठवड्यानं त्यांचा नकार आला, अगदी सभ्य भाषेत. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

त्यानंतर मी पुस्तिका पाठवणं बंद केलं आणि चालू असलेल्या चौदा कारखान्यांत जाऊन बसायला लागले. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. ट्रिपिंगच्या नोंदी त्यांच्याकडे तारीखवार होत्या, कारण नुकसान त्यांचंच होत होतं. त्या एकत्र केल्यावर दिसलं की बहुतेक वेळा एकच फीडर जातो. त्याची दुरुस्ती मागायला आता हातात पुरावा होता. आणि दुसरी गोष्ट कळली ती जास्त बोचली. दोन कारखान्यांना विस्तार करायचा होता आणि ते दुसरीकडे जागा शोधत होते. पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या कारखान्याला शेजारचा भूखंड हवा होता. तो ज्याच्या नावावर होता त्यानं वर्षानुवर्षं एक वीटही रचली नव्हती, फक्त भाव वाढायची वाट पाहत होता. आम्ही बाहेरच्यांना आवतणं धाडत होतो आणि घरातला माणूस दारात उभा होता.

अडकलेले भूखंड परत घेणं हे या कामातलं सगळ्यात किचकट प्रकरण. नोटीस, सुनावणी, मुदतवाढीचा अर्ज, पुन्हा सुनावणी. त्यात दीड वर्ष गेलं, पण ११ भूखंड मोकळे झाले. खोकेवाल्यांना शेजारचा मिळाला.

याच काळात डेन्मार्कमधल्या कालुंडबोर्गविषयी वाचलं आणि डोकं चालायला लागलं. तेही जुनंच गाव, पाच मनोऱ्यांचं बाराव्या शतकातलं चर्च असलेलं. तिथं १९७२ साली जिप्समच्या पाट्या बनवणाऱ्या कारखान्यानं शेजारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पातला वाया जाणारा वायू वापरायला सुरुवात केली. पुढं औष्णिक वीजकेंद्राची वाफ शेजाऱ्यांकडे जाऊ लागली. धूर स्वच्छ करताना निघणारं जिप्समही त्याच पाट्यांच्या कारखान्याला मिळू लागलं. आधी कुणी मोठा आराखडा आखला नव्हता. शेजाऱ्या-शेजाऱ्यांनी आपापसांत केलेल्या व्यवहारांतून ते जाळं उभं राहिलं.

मी एक मोठा कागद घेतला आणि चौदा जणांकडे काय येतं, काय वाया जातं ते मांडलं. खोक्यांच्या कारखान्यातून पुठ्ठ्याची कातरण रोज ढिगानं निघत होती. पलीकडच्या कारखान्याच्या बॉयलरची वाफ दुपारनंतर जास्तीची होती. कागदाचा लगदा साच्यात घालून ट्रे बनवणाऱ्यांना नेमकं हेच लागतं: रद्दी कागद, पाणी आणि सुकवायला उष्णता. आता मला कुणाला फोन करायचा ते माहीत होतं.

मधल्या काळात एका कारखान्याला मात्र मी नाही म्हटलं. गंधकाचं प्रमाण जास्त असलेलं इंधन जाळणार होता आणि रोजगार भरपूर देणार होता. वाऱ्याची दिशा वर्षातले बरेच महिने वसाहतीकडून गावाकडे असते. धुरातला सल्फर डायऑक्साइड ओलाव्याबरोबर चुनखडीवर बसला की दगडाच्या पृष्ठभागाचं जिप्सम होतं. त्यावर काळा थर धरतो आणि पुढं कोरीवकामासकट पापुद्रे सुटतात. गेलेला दगड परत येत नाही. यावरून गावात मला बरंच ऐकून घ्यावं लागलं. ज्यांची मुलं बेकार बसली होती त्यांचा राग मला समजत होता, तरी तो निर्णय मी आजही तसाच घेईन.

जमिनीखाली काय आहे याचीही उद्योजकांना धास्ती असते. पाया खणताना जुनी भिंत लागली की काम थांबतं आणि कर्जाचं व्याज चालू राहतं. म्हणून रिकाम्या भूखंडांवर पुरातत्त्वाच्या जाणकारांकडून आधीच चाचणीचे चर खणून घेतले. उत्तरेकडच्या पट्ट्यात खापरं आणि एका भिंतीचा पाया लागला. तो पट्टा आम्ही विक्रीतून काढून टाकला. बाकीच्यांना ‘इथं काही मिळालं नाही’ असा लेखी अहवाल जोडला. नंतरच्या प्रत्येक बैठकीत लोक तोच कागद आधी मागत आले.

पुस्तिकेच्या जागी आता भूखंडागणिक एक पान आहे. उपलब्ध वीज, ट्रिपिंगच्या नोंदी, पाण्याचा टीडीएस, मुरूम किती खोलीवर लागतो, इमारतीची कमाल उंची, परवानगीला प्रत्यक्षात लागलेले दिवस. आणि ठळक अक्षरात: वेशीची उंची ३.९ मीटर, मोठा कंटेनर जात नाही, पुलावर वजनाची मर्यादा आहे.

लगद्याचे ट्रे बनवणारे आले तेव्हा मी ते पान आधी पुढं केलं. त्यांनी वाचलं आणि पिशवीतून दहा-बारा ट्रे काढून एकात एक बसवून टेबलावर ठेवले. वीतभर उंचीचा गठ्ठा झाला. मी उचलून पाहिला, हाताला वजनच लागेना. ‘‘आमचा माल असा जातो,’’ ते म्हणाले. ‘‘मध्यम बंद ट्रक पुरतो. पुलाचं वजन सांभाळतो आणि वेशीतूनही निघतो. वाफ किती वाजल्यापासून मिळेल ते सांगा.’’

त्यांची शेड गेल्या पावसाळ्याआधी उभी राहिली. तिथं ३८ जण कामाला आहेत, त्यातले निम्म्याहून जास्त गावातलेच. बाह्यवळण रस्त्याचा प्रस्ताव अजून मंजुरीच्या वाटेवर आहे, त्याचा पाठपुरावा दर सोमवारी करते. फीडर दुरुस्त झाल्यानंतरच्या सहा महिन्यांच्या नोंदी मी व्हॉल्व्हच्या कंपनीला पाठवल्या आहेत.